डबा अजून अर्धा आहे

बुधवार, १० सप्टेंबर. सकाळी ७.१०
दुरुस्ती: काल इथे लिहिलं की व्हॅनखाली पाण्याचे चार थेंब आहेत. चूक. बोट लावून, वास घेऊन पाहिलं. इंजिनाचं तेल आहे. थेंबही एकच; बाकीचे तीन डाग जुने. कालची ओळ खोडत नाही. चुका दिसत राहिल्या पाहिजेत.

बाबा म्हणाले, हा एक थेंब बारा वर्षं पडतोय. म्हातारी झाली गाडी, लाळ गळायचीच. पण ते रोज ज्या गेस्टहाउसला धुतलेल्या चादरी पोचवतात, तिथे नव्या फरशा बसल्यात. मॅनेजरने बजावलंय: सोमवारी, २९ तारखेला, तो स्वतः बघणार. फरशीवर डाग दिसला तर एक तारखेपासून दुसरी गाडी. आमचं घर त्या एका कामावर चालतं.

बाबा म्हणाले, तिथे गाडीखाली पुठ्ठा टाकतो, झालं. हे अशास्त्रीय आहे. मग म्हणाले, गॅरेजला नेतो. मी अडवलं. घरात शाळेत गेलेली मी पहिली. गाडीचं मॅन्युअल बारा वर्षं खणात नुसतं पडून आहे. बाबा म्हणाले, बरं, तू म्हणशील तसं.

गुरुवार, ११ सप्टेंबर. सकाळी ६.४५
मॅन्युअल, पान ४७: गाडी सपाट जागेवर, इंजिन गरम. पान उलटून: इंजिन चालू ठेवून तेलाची पट्टी काढा, पुसा, पुन्हा घाला, पातळी बघा. तसंच केलं. तेल खालच्या खुणेपर्यंतही नाही. अर्धा पेला ओतलं. बाबा काहीतरी बोलणार होते, पण पुस्तकाकडे बघून गप्प बसले. छापील अक्षराचा दरारा असतो.

संकल्प: रोज पातळी, काही बदललं की नोंद. एकही खाडा नाही.

शनिवार, १३ सप्टेंबर
थेंब तीन. रात्रभर गाडीखाली पुठ्ठा ठेवला होता (मोजण्यासाठी; बाबांच्या पुठ्ठ्याशी संबंध नाही). प्रत्येक थेंबाभोवती पेन्सिलीने गोल, शेजारी तारीख. पातळी पुन्हा कमी. अर्धा पेला.

आत्या दारातून बघत होती. म्हणाली, बाळाला दूध पाजावं तसं पाजतेय बघा. दुर्लक्ष केलं.

सोमवार, १५ सप्टेंबर
थेंब सात. अर्धा पेला. इंजिनाचा तळ पुसून त्यावर आईची पावडर फासली, म्हणजे ओघळ कुठून निघतो ते दिसेल. आई म्हणाली, आता लिपस्टिकही लाव, काही बाकी ठेवू नकोस.

मंगळवार, १६ सप्टेंबर
ओघळ सापडला. तळाच्या बोल्टपासून, जुनं तेल काढायला असतो त्या. पावडरीत बोटांचे ठसे आहेत. माझेच. माझ्या बोटांपेक्षा मोठे दिसतात, पण तेलाने पसरले असणार. बोल्टवर ताजे ओरखडे. कंपनामुळे.

बोल्ट घट्ट आवळला. प्रश्न मिटला.

गुरुवार, १८ सप्टेंबर
थेंब अकरा.

चांगली बाजू: तेलाचा डबा अजून अर्धा आहे. आठ दिवस रोज ओतूनही. जपून वापरलं की पुरतं. आईला हे सांगितलं तर इतकी हसली की तिला ओट्याला टेकावं लागलं. या घरात काटकसरीला किंमत नाही.

रविवार, २१ सप्टेंबर
थेंब बारा. डबा अर्धा.

बाबांच्या बाह्या हल्ली संध्याकाळी काळ्या असतात. विचारलं तर म्हणाले, टायर बघत होतो. रोज? टायर चारच आहेत.

मंगळवार, २३ सप्टेंबर
थेंब चौदा. मॅनेजरने आज गाडी फाटकातून आतच घेऊ दिली नाही. बाबांनी चादरींचे गठ्ठे खांद्यावरून आत नेले. सहा खेपा. 

जेवताना मी म्हटलं, आता इंजिन उघडून गास्केट बदलते. त्यांचा घास हातातच राहिला. मग म्हणाले, बघ, पुस्तकात तसं असेल तर.

बुधवार, २४ सप्टेंबर. संध्याकाळी ६
ऑफिसातून लवकर सुटले. घराच्या कोपऱ्यावरूनच गाडीखाली दोन पाय दिसले. बाबांचे. मी भिंतीआड थांबले. ते बाहेर आले तेव्हा हातात माझा मोजायचा पेला, अर्धा भरलेला. नरसाळं लावून त्यांनी ते तेल माझ्या डब्यात ओतलं. डबा पुसला. मी ठेवते तसाच, लेबल भिंतीकडे करून ठेवला.

आईला विचारलं. म्हणाली, दोन आठवडे हेच चाललंय. तू सकाळी ओततेस, ते संध्याकाळी काढतात. मी म्हटलं होतं, सांगून टाका तिला. तर म्हणाले, ती पुस्तकात बघून करते, मला धड सही येत नाही, तिला कुठल्या तोंडाने चूक म्हणू.

गुरुवार, २५ सप्टेंबर. सकाळी ६
बाबा चुकतायत हे सिद्ध करायला मॅन्युअल काढलं. पान ४७ उलटलं. पुढे पान ५०.

ऑफिसात मी प्रत्येक आकडा तीनदा तपासते.

मधली पानं जुन्या तेलाने चिकटली होती. फुटपट्टीने हलकेच सोडवली. पान ४८: इंजिन बंद करा, दहा मिनिटं थांबा, मगच पातळी बघा. पान ४९: जास्त तेल ओतू नका. ठळक अक्षरात, चौकटीत. ‘इंजिन चालू ठेवून’ हे पान ५० वरचं, आणि ते ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाबद्दल आहे. आमच्या गाडीला तो नाहीच.

दुरुस्ती, ११ ते २४ सप्टेंबर: सगळ्या नोंदी. तेल पुरेसं होतं; इंजिन चालू असताना पातळी कमीच दिसते. गाडी पूर्वीसारखा एकच थेंब गाळत होती. बाकीचे आम्ही दोघांनी. रोज उघडून उघडून बोल्टचा वॉशर गेला, थेंब तिथून.

७.०५. तरी अर्धा पेला ओतला. एकदम थांबले तर मला कळलंय हे बाबांना कळेल.

शुक्रवार, २६ सप्टेंबर
नवा वॉशर आणला. शर्टाच्या मोठ्या बटणाएवढा. आज सांगणार होते, पण बाबा दमून आले. उद्या त्यांच्या दोन फेऱ्या आहेत. सोमवारी मॅनेजर. म्हणजे रविवार.

पान ४८ त्यांना वाचून दाखवायचं. बोल्ट ते उघडतील, वॉशर मी बसवीन. जुन्या एका थेंबासाठी त्यांचा पुठ्ठा. पण त्याआधी इंजिन बंद करून दहा मिनिटं त्यांच्या शेजारी उभं राहावं लागेल, आणि तेवढ्या वेळात काय बोलायचं हे मॅन्युअलमध्ये नाही. शोधलं.

डबा अजून अर्धा आहे.

रविवार, २८ सप्टेंबर, सकाळी सात. इंजिन बंद.