जावयाने आपटलेली गाडी

मालवण, ९ जानेवारी १९५८
गाडी डावीकडे ओढते. स्टिअरिंग जरा सैल सोडलं की निघाली गटाराकडे. काल कुडाळचं भाडं सोडून दुपारी परत आलो तोवर सुतासारखी सरळ धावत होती. संध्याकाळी भावोजींनी नेली, "जरा फिरवन येतंय" म्हणून. बहीण, सुशी, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय, तिला बघायला रेडीहून आलेत. जावई! नाही कोण म्हणणार? घरात सध्या त्यांचंच राज्य.

१० जाने.
हवा पाहिली, पुढच्या दोन्ही टायरांत सारखी. ब्रेक धरतोय म्हणावं तर चाक उचलून फिरवलं, मोकळं फिरतं. मात्र डाव्या रिमची कड दुमडलीय आणि टायरला पांढरा चुना लागलाय. रस्त्यावर चुना असतो कुठे? ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्याला.
जेवताना विचारलं, भावोजी, कुठे आपटली का?
भा. हसले. "बापू, गाडी म्हातारी झाली तुजी. म्हातारेचे सांदे दुखतलेच."
आई पण हसली.

११ जाने.
काथ्याची दोरी लावून मोजलं, पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्याच्या मध्यापर्यंत. उजव्या बाजूच्या मापाची गाठ मारली, डावीकडे धरली तर दोरी तीन बोटं जास्त. म्हणजे पुढचं डावं चाक मागे सरकलंय! खाली शिरलो. कमानीचे, म्हणजे स्प्रिंगचे, पाटे एकत्र धरणारा मधला बोल्ट तुटलेला, आस जागची हललेली. हे म्हातारपण नव्हे. ही आपट आहे, आणि जोराची.
बाहेर आलो तर आई नारळ घेऊन उभी.
"यंदा देवचाराक नारळ देवक नाय तू. तेचीच ही फळां."
आपटली जावयाने, चिडला वेस राखणारा देवचार, आणि चुकलं माझं! नारळ दिला. देवचाराशी माझं भांडण नाही.

१२ जाने.
आईशी बोललोच. सुशीचे दिवस भरत आलेत, अडलंनडलं तर याच गाडीतून तिला न्यायची. भर घाटीत चाक तिसरीकडे गेलं असतं म्हणजे? निदान आपटली एवढं तरी सांगायचं की नाही माणसाने?
आई: "हळू बोल मेल्या. तिका तेंच्याच घरात नांदूचा आसा. जावयाक असा कोण इचारता?"
कोणीच नाही. म्हणूनच हे सोकावतात.
भा. आज गेले. कोंबडीवडे खाऊन, नवं धोतर घेऊन. नाक्यावर चारजणांत म्हणाले म्हणे, "मेवण्याची गाडी भंगारात घालूची झाली." माझी गाडी! जी यांनी मोडली!
गाडी ठोकळ्यांवर घेतली, डावी कमान उतरवली. बोल्ट बेळगावहून येणार. तोवर धंदा बंद.

१४ जाने. संक्रांत
गोड बोला म्हणे. कोणाशी?
सुशी सकाळपासून पडून. तिळगूळ द्यायला गेलो आणि राहवलं नाही. म्हटलं, तुझ्या नवऱ्याने गाडी मोडली आणि वर मलाच…
ती रडायलाच लागली.
"दादा, मी व्हतंय गाडयेत."
काकीकडे जाते म्हणून निघाली होती त्या संध्याकाळी. वाटेत यांनी गाडीत घेतली. आई नको म्हणाली असती म्हणून चोरून. मोरीच्या कठड्यावर चाक चढलं तेव्हा पुढे फेकली गेली, पोटाला मार बसला. "तेनी सांगितल्यानी, कोणाक बोला नको."
मग अगदी हळू, "कालपास्ना पोटात हलणा नाय."
आणि मी इतके दिवस टायर बघतोय! दोऱ्या लावतोय! नारळ देतोय! सुशी आत तोंड दाबून पडलेली. आपट बसली हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पण गाडीत आणखी कोण होतं हे कोणी विचारलं? मी तरी?
तिला मार बसला हे नवऱ्याला मात्र ठाऊक होतं. ठाऊक असून कोंबडीवडे खाल्ले, धोतर घेतलं, आणि गेला. यापुढे त्याला भावोजी म्हणणार नाही.
डॉक्टरांना बोलावलंय. आई म्हणते, न्हाणीत घसरली म्हणून सांग, जावयाचं नाव येता कामा नये. मी म्हटलं, मार कसा बसला ते खरं कळल्याशिवाय डॉक्टर बघणार काय? आई पदर तोंडाला लावून बसलीय. सुशी हात जोडते, "दादा, नको."
अंगणात डॉक्टर सायकल लावतायत. आधी मलाच विचारतील, काय झालं म्हणून.