निरोगी माणसाचं रक्त

३ मार्च

समुपदेशनासाठी आलेल्या शिंपीणबाईंना आज निकाल सांगितला. जनुकात दोष आहे. स्तनाच्या आणि बीजकोशाच्या कर्करोगाचा धोका जास्त. प्रत्येक मुलीकडे तो गेला असण्याची शक्यता निम्मी.

त्यांचा नवरा म्हणाला, "आमच्या घराण्यात असलं काही नाही."

बाई शिवणाच्या पिशवीचा बंद गुंडाळत म्हणाल्या, "तुमच्या घराण्याला कोण विचारतंय? रक्त माझं तपासलंय." मग माझ्याकडे वळून — "पोरींना सोनं काही देता आलं नाही. हे बरं देऊन बसले."

मी पाणी पुढे केलं. पोरींना कसं सांगायचं ते समजावलं. आवाज नीट होता माझा.

४ मार्च

रजा नामंजूर. ठीक.

५ मार्च

प्रयोगशाळेत गोंधळ. तपासणीच्या प्रत्येक फेरीत रुग्णांच्या रक्तासोबत एका निरोगी माणसाचं रक्त लावतात — यंत्र बरोबर चाललंय ना, हे कळायला. आमच्याकडे ते कर्मचाऱ्यांपैकीच कुणाचं तरी असतं. जुना साठा संपला म्हणून परवा माझं घेतलं. आज त्या निरोगी नमुन्यातच दोष!

"नळ्यांची अदलाबदल झाली असणार," प्रयोगशाळेतले दादा म्हणाले. "नाहीतर तुझं समुपदेशन मला करावं लागेल, आणि मला तर घरीही कुणी बोलू देत नाही."

हसलो दोघं. पुन्हा रक्त दिलं.

९ मार्च

अदलाबदल नव्हती.

दादांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि बाहेर जाऊन उभे राहिले. तोच दोष, त्याच जागी. असली ओळ मी रोज वाचते. आज अक्षरं दिसत होती, अर्थ लागत नव्हता.

त्यानंतर दोन कुटुंबांना भेटले. काय बोलले, आठवत नाही.

१० मार्च

आईला फोन. तिच्या माहेरी सगळ्या नव्वदीच्या. मग बाबांची बहीण कशाने गेली, विचारलं.

"पोटाच्या दुखण्याने. का गं?"

"पोटात कुठे?"

"बायकांचं काहीतरी. तेव्हा कोण विचारत बसायचं? तू जेवलीस का?"

अनोळखी लोकांकडून मी रोज तीन-तीन पिढ्यांची दुखणी काढून घेते. आत्याचं आज कळलं.

धाकट्या बहिणीला सांगायलाच हवं. अठ्ठावीसची आहे. तिलाही निम्मी शक्यता — म्हणजे काहीच नसण्याचीही निम्मी. त्या निम्म्याला धरून बसले आहे.

१२ मार्च

धाकटीकडे गेले. सगळं क्रमाने सांगितलं.

मग तिने माझा हात धरला आणि स्वतःच्या काखेखाली नेऊन ठेवला.

"इथं दाबून बघ, ताई. तुला सांगायचं धाडस होत नव्हतं."

गाठ लागली. वाटाण्याएवढी. कडक.