थुरेन दुसऱ्या शेडमध्ये गेला

आई, थायलंडमधल्या महाचाईहून तुझ्या न्वेचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे. कोळंबी सोलून बोटं सुजतात, पण जेवण पोटभर मिळतं. माझ्या शाळेला अजून कुलूपच आहे का?

आमचा मुकादम आपल्या गावचा थुरेन निघाला, माझा चौथीचा विद्यार्थी. दिव्यांच्या पौर्णिमेला गुरूंना वंदायच्या आपल्या रीतीप्रमाणे तो सगळ्यांसमोर ओल्या फरशीवर गुडघे टेकून माझ्या पाया पडला. म्हणाला, "बाई, तुमच्यावर ओरडलो तर पाप लागेल मला." दुसऱ्याच दिवशी बदली मागून तो पलीकडच्या शेडमध्ये गेला.

नवा मुकादम मला नंबराने हाक मारतो. 'बाई' म्हणणारा इथे तेवढा एकच होता.

थुरेनची आई बाजारात भेटली तर तिच्याकडे निरोप दे. बाईंवर खुशाल ओरड म्हणावं, पण परत ये.

तुझीच,
न्वे