नमुना घरातील आखूड पलंगाबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता (गृहनिर्माण),
नगर परिषद कार्यालय,
दुसरा मजला, जिन्याशेजारची खोली.

अर्जदार : जुनी वसाहत, खोली क्रमांक ११ येथील भाडेकरू. व्यवसाय शिंपीकाम.

विषय : नवीन इमारतीस संमती देण्याबाबत अर्जदारास आलेल्या शंका, व त्यांपैकी एक मागे घेण्याबाबत.

संदर्भ : १) आपली अंतिम सूचना, जी चिकटवताना दाराचा रंग निघाला.
२) अर्जदाराचे यापूर्वीचे चार अर्ज. पोच एकाचीच मिळाली आहे.

महोदय,

१. आमच्या वसाहतीच्या अठरा खोल्या पाडून त्याच जागी नगर परिषदेची नवी इमारत बांधण्याची योजना आहे. त्यासाठी अठराही भाडेकरूंची लेखी संमती लागते. सतरा जणांच्या सह्या झाल्या असून राहिलेला एक म्हणजे अर्जदार होय. आज सायंकाळी पाचपर्यंत त्याची सही न आल्यास योजना दुसऱ्या वॉर्डात जाईल, असे आपण कळवले आहे. सात वर्षे आपल्या कपाटात स्वस्थ पडून असलेल्या योजनेला आताच एवढी घाई का झाली, याचा खुलासा सूचनेत नाही.

२. अर्जदार स्वभावाने संशयी नाही. गिऱ्हाइकाने मापाच्या वेळी पोट आत घेतले तर ओळखता येते, एवढीच धंद्याची सवय. योजनेचा फलक तीनदा रंगवला गेला आहे. उन्हात तिरके उभे राहून पाहिल्यास काम पूर्ण होण्याच्या आधीच्या दोन तारखा अजून वाचता येतात. गेल्या वर्षी आपली माणसे यंत्र घेऊन आली, अंगणात भोक पाडले आणि खालची माती डब्यांत भरून तपासणीला नेली. अहवाल आला नाही आणि मातीही परत आली नाही. त्यानंतर पायाची आखणी आठ हात मागे सरकली. खाली जुन्या गटाराची वाहिनी आहे म्हणतात. वाहिनीचा नकाशा मागितला, तर तो सापडत नाही. पाणी कुठेतरी मुरते आहे, हे अर्जदाराने तेव्हाच ताडले.

३. शेजारचे निवृत्त पोस्टमन यांनी उभ्या जन्मात कोणाला चहा विचारलेला नाही. ते गेल्या पंधरवड्यात अर्जदारास चार वेळा चहाला बोलावून गेले. आपले कनिष्ठ अभियंता स्वतःची पँट कमरेत सैल करायला घेऊन आले. ती आधीच सैल होती. या गोष्टी अर्जदाराने नोंदवून ठेवल्या आहेत.

४. खरी भीती निराळी आहे. नदीकाठच्या वसाहतीतील लोक दोन वर्षांसाठी म्हणून पत्र्याच्या शेडमध्ये गेले, त्याला अकरा वर्षे झाली. उलट बाजूने पाहता, अर्जदाराच्या खोलीची मागची भिंत बारमाही ओली असते. पत्नीस दमा आहे. आडवे झाले की तिचा श्वास कोंडतो, म्हणून गेली नऊ वर्षे ती ट्रंकेला टेकून, बसल्या बसल्या रात्र काढते. सही केली तर डोक्यावरचे छप्पर जाईल आणि न केली तर ही भिंत कायम राहील, अशा पेचात अर्जदार आहे.

५. अशा स्थितीत आपण जुन्या गोदामात नवीन घराचा एक नमुना उभारलात व तो पाहून जाण्यास सांगितलेत. अर्जदार टेप घेऊन गेला. पडदा छतापासून सोडलेला असून दोन्ही बाजूंना हातभर जास्त आहे, म्हणजे खिडकी नसलेल्या ठिकाणीही ती असल्यासारखी वाटते. कपाट इतके उथळ की सदऱ्याचा हँगर तिरका लावावा लागतो. आणि पलंगाची लांबी पाच फूट दोन इंच. अर्जदाराने स्वतः झोपून खात्री केली. पाय घोट्यापर्यंत बाहेर आले. खोली मोठी दिसावी म्हणून सामान लहान केलेले आहे! ही सरळसरळ डोळ्यांत धूळफेक असून पाचवा अर्ज त्याबद्दल करायचा, असे अर्जदाराने तिथेच ठरवले होते.

६. त्याच सुमारास अर्जदाराच्या घरातही संशयास्पद प्रकार सुरू झाला. पत्नी रोज दुपारी दोनला साबण आणायला म्हणून जाऊ लागली. माणसे दोन, आणि दहा दिवसांत फळीवर सात साबण जमा झाले. शिवाय परत आली की चेहरा टवटवीत. संध्याकाळी ती सहज म्हणाल्यासारखे म्हणायची, "अहो, करून टाका ना एकदाची सही. किती दिवस अडून बसायचं?" आपल्या कार्यालयाने घरातलेच माणूस फोडले, अशी अर्जदाराची खात्री झाली. काल दुकान बंद करून तो तिच्या मागे गेला.

७. ती गोदामात शिरली. पाच मिनिटे थांबून अर्जदारही शिरला. दाराशी झाडलोट करणाऱ्या मावशींनी तोंडावर बोट ठेवले आणि त्या हळूच म्हणाल्या, "ओरडू नका हो दादा. बघायला येणारी माणसं तीननंतर येतात. तोवर ताईंना निजू दे. इथं कोरडं आहे, छाती भरत नाही म्हणतात."

पत्नी त्या पलंगावर आडवी झोपली होती. पाय लांब केलेले, हात उशीखाली. श्वासाचा आवाज येत नव्हता म्हणून अर्जदार घाबरून जवळ गेला, तर तो नीट चालू होता. तिची उंची चार फूट अकरा इंच आहे. तीस वर्षे तिचे कपडे अर्जदारच शिवतो, त्यामुळे हे माप पाठ आहे. पलंग तिला पुरून तीन इंच उरतो. अर्जदार पाऊण तास दाराशी उभा राहिला व ती उठण्यापूर्वी निघून आला. वाटेत त्याने रडून घेतले, हेही प्रामाणिकपणे नमूद करतो.

८. सबब विनंती की,
(अ) सही केलेले संमतीपत्र सोबत जोडले आहे, ते पाचच्या आत दाखल करून घ्यावे व या वेळी पोच द्यावी.
(ब) पलंगाबाबतची तक्रार मागे घेतली असे समजावे. फलक, माती, नकाशा, पडदा, कपाट व कनिष्ठ अभियंत्यांची पँट याबाबतच्या शंका कायम आहेत.
(क) नमुना घर मोडू नये. आपली इमारत फलकावरच्या तारखेला उभी राहील यावर माझा विश्वास नाही. ती उभी राहीपर्यंत दुपारी दोन ते तीन या वेळेत त्या दाराला कुलूप लावू नये.
(ड) या अर्जाचे उत्तर घरच्या पत्त्यावर पाठवू नये, दुकानावर द्यावे. मी तिला तिथे पाहिले, हे तिला माहीत नाही. आज सकाळी साबण संपल्याचे तिने सांगितले आणि मी बरे म्हणालो.

आपला नम्र व अद्याप सावध,
(सही)
खोली क्रमांक ११

दिनांक : मुदतीचा शेवटचा दिवस, दुपारी दोन वाजून दहा मिनिटे.

सोबत :
१) संमतीपत्र, सहीसह.
२) नमुना घराच्या मापांचा तक्ता. त्यातील पलंगाची ओळ खोडली आहे.
३) साबण, नग एक. दाराशी असणाऱ्या मावशींना द्यावा.