कांद्याच्या वाफ्यातले शेपूट चौकशीआधी न हलवण्याबाबत

प्रति,
मा. जिल्हाधिकारी साहेब,
अहिल्यानगर.

अर्जदार: झुंबरबाई रंगनाथ गाडीलकर, सुप्याजवळ, ता. पारनेर.

विषय: माझ्या शेतात पडलेल्या शिकाऊ विमानाची चौकशी होणे व माझा जबाब घेणेबाबत.
संदर्भ: मंगळवारचा अपघात.

महोदय,

१. मंगळवारी दुपारी मी व माझे पती कांदा खुरपत होतो. शेजारच्या खासगी धावपट्टीवर उतरणारे छोटे विमान नाक खाली ठेवूनच आले, धावपट्टीच्या अलीकडे आमच्या बांधाला धडकले व वाफ्यात आडवे झाले. आम्ही विळ्याने पट्टा कापून राजेश्वरी नावाच्या शिकाऊ मुलीस बाहेर काढले. ती शुद्धीवर होती. म्हणाली, "मावशी, नाक वर करायचा दांडा मागं येईचना. दोन्ही हातांनी ओढला."

२. मग विमान चालवायला शिकवणाऱ्या संस्थेची जीप आली. मुलगी बांधावर कण्हत असताना एक गृहस्थ थेट विमानाच्या शेपटाकडे गेले व आतल्या तारेचा (मुलगी सांगते, दांडा ओढला की हीच तार ओढली जाते) तुकडा पकडीने तोडून फडक्यात गुंडाळू लागले. मी विचारले, "काय नेताय?" ते म्हणाले, "आजी, तुमी तुमचा कांदा बघा." सदर उत्तर मला संशयास्पद वाटले.

३. दुसऱ्या दिवशी चूक मुलीची असल्याचे संस्थेने सांगितले. तेव्हापासून दोन इसम कांद्याचे व्यापारी म्हणून येतात. ते कांद्याकडे बघत नाहीत, शेपटाकडे बघतात. त्यातल्या एकाने विचारले, "पोरगी काही बोलली का?" मी म्हणाले, "कांदा घ्यायला तिचं बोलणं कशाला पायजे?" त्यावर ते निघून गेले, परंतु त्यांची मोटारसायकल सायंकाळपर्यंत ओढ्याजवळ उभी होती.

४. काल मी दवाखान्यात गेले. मुलीचा पाय प्लास्टरमध्ये आहे. घाबरून हात सोडले, असे लिहून दे, म्हणून संस्थेची माणसे तिच्या मागे लागली आहेत. तिने मला विचारले, "मावशी, मी खरंच ओढला होता ना?" साहेब, तिला स्वतःचीच खात्री वाटेनाशी झाली आहे. मी विमानात नव्हते, परंतु तिचे दोन्ही तळवे मी पाहिले. सोललेले आहेत. हात सोडणाऱ्याचे तळवे सोलले जात नाहीत.

तरी माझा जबाब संस्थेच्या माणसांसमोर न घेता आपण स्वतः घ्यावा. त्या तोडलेल्या तारेचे दुसरे टोक शेपटात अजून लोंबत आहे. उद्या सकाळी संस्थेची क्रेन येणार आहे. आम्ही दोघे शेपटाला टेकून बसलो आहोत व उठणार नाही. क्रेनच्या आधी आपली गाडी यावी, इतकेच मागणे.

आपली वाट पाहणारी,
झुंबरबाई रंगनाथ गाडीलकर
दि. १४ फेब्रुवारी २०२५

सोबत: तारेच्या टोकाचे मोबाईलवर काढलेले फोटो.