बोरूच्या बनाची वाट

पहिल्या मृत्युपत्रातली एक चूक आधी दुरुस्त करते. त्यात मी लिहिले होते, की मला नऊ पक्ष्यांच्या शिट्ट्या येतात. आठच येतात. नववा पक्षी मी कधी ऐकलेला नाही. तो आमच्या पाणथळीवर यायचा थांबला तेव्हा मी पाळण्यात होते. त्याची शिट्टी मी बाबांची ऐकून उचलली. पक्ष्याकडून न ऐकलेल्या शिट्टीला आमच्या घरात आपली म्हणत नाहीत. ते मृत्युपत्र रद्द समजावे.

हे दुसरे मी पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. गुरुवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एवढं लिहून ठेवायची काही गरज नाही गं." म्हणताना त्या खिडकीकडे बघत होत्या.

एक. बाबांकडून मला आलेली पाणथळ आणि काठचे बोरूचे बन शाळेला द्यावे. मुलांना तिथे आणून आधी गप्प बसवावे, पक्षी ऐकू द्यावा, मगच शिट्टीसाठी बोरू कापू द्यावा. मी बाबांजवळ अशीच शिकले. अक्षरे नंतर आली. मुख्याध्यापिकांना रेकॉर्डिंग लावून वर्गातच शिकवायचे आहे. तसे करू नये. रेकॉर्डिंगमधला पक्षी उडून जात नाही, त्यामुळे मुले हळू चालायला शिकत नाहीत.

दोन. वाकडी सुरी, कानस आणि मेणाचा डबा धाकट्या मावशीला. माझ्या लग्नाचा विषय तिने एकदाही सोडला नाही, हे मी विसरलेले नाही. पण सुरीला धार तिच्यासारखी कोणी लावत नाही.

तीन. नववी शिट्टी शाळेतल्या मुलांनी माझ्याकडून शिकून स्नेहसंमेलनात वाजवली, टाळ्याही मिळाल्या. पुढेही वाजवू द्यावी. मात्र ती बरोबर आहे की नाही हे सांगणारा आता कोणी उरलेला नाही, हे मुलांना सांगावे.

चार. घर. अर्धे माझे, अर्धे दादाचे. पाणथळीची वाट दादाच्या जमिनीतून जाते आणि त्याने तिथे कुंपणाचे खांब आणून टाकले आहेत. वाट बंद झाली तर पहिले कलम वाया गेले. म्हणून मी लिहिले होते, की दादाने वाट मोकळी ठेवली तर माझा हिस्सा त्याला मिळावा. त्याला वाचून दाखवले.

"आणि मी नाही ठेवली, तर विचारायला कोण येणार? तू?"

"येईल हो," वहिनी म्हणाली, "शिट्टी वाजवतच येईल."

तिघेही हसलो. पण दादाचे म्हणणे खरे होते. म्हणून ती अट मी काढून टाकत आहे. माझा हिस्सा मी जिवंतपणीच त्याच्या नावे करीन, आणि त्याच वेळी तो वाटेची जमीन शाळेच्या नावे करील. तो कबूल झाला.

"ऑपरेशन होऊ दे की आधी," तो म्हणाला. "बरी झालीस तर राहशील कुठे?"

ते मला माहीत नाही. पण बरी झाले तर घर माझ्याने सोडवणार नाही, हे माहीत आहे.

साक्षीदार: शेजारचे घड्याळवाले काका, शाळेच्या चित्रकलेच्या बाई. दोघांनी माझ्या देखत सह्या केल्या, मी त्यांच्या देखत.

स्थळ: स्वयंपाकघर. रविवार, १० मार्च.

नोंदणी कचेरीत दादा आणि मी मंगळवारी, १२ मार्चला जाणार आहोत.