कॅसेटवरची फुंकर

१२ जून, गुरुवार

तो जुना गेमचा डबा घराबाहेर जाणार नाही. कोण नेतो ते बघतेच!

चिरंजीव आज गेमचं नवं मशीन घेऊन आले. भिंतीवर हा एवढा टीव्ही ठोकला, त्याखाली काळं चकचकीत खोकं ठेवलं, आणि वर मलाच हुकूम — "आई, ते जुनं सगळं आता अडगळ. येत्या रविवारी जमणार नाही, पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतो नि टीव्हीसकट उचलतो." माझ्या घरातलं काय उचलायचं ते मला विचारायची पद्धत बहुधा बंद झालीय.

अडगळ म्हणे! त्याच्याच लहानपणी घेतलेला गेम. दोन खारी, एक निळी, एक लाल. भल्यामोठ्या झाडावर चढत जायचं, अक्रोड गोळा करायचे, घुबडाला चुकवायचं. तो मोठा झाला, शिकायला गेला, गेम इथेच टाकून गेला. आम्ही दोघं मात्र खेळत राहिलो. हे निळी, मी लाल. पूर्वी कुणाला सांगायची लाज वाटायची. आता या वयात लाज कुणाची धरू!

आणि यांना हा विसरायचा आजार जडल्यापासून तर तो खेळ म्हणजेच आमचं बोलणं. माझं नाव यांना कधी सापडतं, कधी नाही. पण दुपारी निळी खार पडद्यावर आली की बोटं आपोआप चालतात. "अगं डावीकडे, डावीकडे हो!" म्हणून खेकसतातसुद्धा. दिवसभरात माझ्यावर हक्कानं ओरडणं ते तेवढंच. ते मी कुणाच्या गाडीत घालून देणार नाही.

१३ जून

नवं मशीन लावून पाहिलं. मन मोकळं ठेवून लावलं, उगाच माझ्यावर आळ नको.

डिस्क आत सरकवली. त्याच खारी आहेत म्हणे, फक्त नव्या. शेपटीचा केस न् केस दिसतो, शिवाय बोलतात. असेल. पण दिसणार कधी? आधी पडद्यावर एक रिकामी पट्टी. ती हळूहळू भरत जाते. शेजारी एक खार जागच्या जागी पळत असते. पळतेय, पळतेय, पळतेय...

हे उठले. "नळ बंद केलास का गं?" नळ बघायला गेले. तिथून गॅलरीत. तिथून खुर्चीवर वर्तमानपत्र दिसलं, ते घडी करत बसले. गेम सुरू झाला तेव्हा मी एकटी! निळी खार फांदीवर ताटकळत उभी. हाताला धरून आणलं, तर मलाच विचारतात, "हे काय लावलंयस?"

मी अख्खी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. "थांबा, जोडून देते" म्हणत अर्ध्या शहराला थांबवून ठेवलं. थांबवणं म्हणजे काय ते मला कुणी शिकवू नये. माणूस थांबतो, कारण आपण कशासाठी थांबलोय ते त्याच्या लक्षात असतं. यांचं घोडं तिथेच तर अडतं!

१४ जून

फोनवर कडाक्याचं भांडण. मजा आली, खोटं कशाला बोलू.

"आई, या एका डिस्कमध्ये तुझ्या कॅसेटसारखे हजारो गेम मावतील. आणि तिला कॅसेट नाही, कार्ट्रिज म्हणतात."

मी म्हटलं, मावू देत. उघडतं कधी ते बोल.

मग बसला समजावत. डिस्क गरगर फिरते, एक बारीक किरण तिच्यावरचं वाचत जातो, वाचलेलं मशीनमध्ये भरतो, पुरेसं भरलं की गेम सुरू. कॅसेटमध्ये ती भानगड नाही. आतली चिप थेट मशीनला जोडली जाते. खटका दाबला की हजर.

"अरे, मग तू माझीच बाजू मांडतोयस!" मी म्हटलं. कॅसेट म्हणजे ओट्यावरचा साखरेचा डबा आणि तुझी डिस्क म्हणजे गावाबाहेरचं गोदाम. गोदामात माल जास्त, एकदम कबूल. पण चहा उतू चाललेला असताना साखर आणायला गोदामात कोण जाईल?

"आई, तू वकील व्हायला हवी होतीस."

"आणि तू माझ्या एक्स्चेंजला फोन करायला हवा होतास. असा थांबवून ठेवला असता ना!"

हसला. पण रविवारचं काही मागे घेतलं नाही.

१५ जून

झालं. जुना डबा बंद पडला.

भिंतीवर ठोकाठोक करताना इकडचं तिकडे सरकवलं असणार. खटका दाबला की नुसत्या करड्या रेघा. हे पुढे झाले. कॅसेट काढली, तोंडाशी धरली — फू! उलटी करून पुन्हा — फू! बसवली. रेघाच.

ही यांची नेहमीची रीत. शाळेत सुतारकामाचे मास्तर होते. रंधा मारला की फुंकर, पटाशी चालवली की फुंकर. भुसा उडाल्याशिवाय काम दिसत नाही, असं पोरांना सांगायचे. चष्म्यावर फुंकर, थंडगार पाण्याच्या पेल्यावरही फुंकर! कॅसेटला तर पहिल्या दिवसापासून. न फुंकता आमचा गेम कधी सुरू झालाच नाही.

आज मात्र फुंकून फुंकून धाप लागली. शेवटी कॅसेट माझ्या मांडीवर ठेवली नि घरभर फिरत राहिले, काहीतरी हरवल्यासारखे. मला रडू आलं. रागानं आलं. नुसत्या रागानं नाही, पण रागानंही.

१६ जून

चिरंजीव — "बघ, मेला ना डबा शेवटी?"

मेला नाही. आणि मेला तर ते मी जाहीर करीन, तू नाही!

१७ जून

शेजारीणबाईंना यांच्यापाशी बसवलं, कॅसेट रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली आणि निघाले. नाक्यावरचा मोबाईलवाला कॅसेट बघून नुसता हसला. त्याच्या पलीकडचा म्हणाला, असलं आता कुणी करत नाही. शेवटी मंडईमागच्या बोळात एक दुरुस्तीवाली सापडली. विशीपंचविशीची असेल. केसांत पेन्सिल खोचलेली, पुढ्यात उघडे पडलेले रिमोट, पंखे, इस्त्र्या. तिनं कॅसेट हातात घेतली, खालच्या फटीत बॅटरी मारली आणि पहिला प्रश्न —

"आजी, फुंकतं कोण?"

मला चोरी पकडली गेल्यासारखं झालं.

"सगळेच फुंकतात हो. माझा दादाही फुंकायचा. वाटतं धूळ उडते. उडते तेवढ्यापुरती, पण तोंडातली ओल आत जाते नि पिना गंजतात. बघा ना, हिरव्या पडल्यात."

बघितल्या. खरंच हिरव्या. म्हणजे इतकी वर्षं आम्ही जिला जीव लावून जपली, तिला आमच्याच तोंडाच्या वाफेनं खात होतो!

तिनं स्क्रू काढले, पिना खोडरबरानं घासल्या, स्पिरिटचा बोळा फिरवला. तिच्याकडच्या मशीनला लावली तर पहिल्या झटक्यात दोन्ही खारी हजर. दुकानातच मी टाळी वाजवली. बोळातली दोन माणसं वळून बघायला लागली, बघेनात का!

"आता फुंकायचं नाही," तिनं बजावलं. "यापुढे फुंकत राहिलात तर दोन-चार वर्षांत पिना झडतील. मग मीसुद्धा काही करू शकणार नाही."

घरी येऊन चिरंजीवांना फोन केला, सगळं नाकावर टिच्चून सांगितलं. फुंकायच्या मनाईसकट.

१८ जून

यांना डॉक्टरांकडे नेऊन आणलं. त्याबद्दल आज लिहायचं नाही.

१९ जून

कॅसेट यांच्या हाती लागू नये म्हणून जेवणं व्हायच्या आतच बसवून ठेवली. यांना खुर्चीत बसवलं, हातात कंट्रोलर दिला, खटका दाबला. एका क्षणात झाड, खारी, घुबड, गाणं! मी मनातल्या मनात त्या नव्या टीव्हीला वाकुल्या दाखवल्या.

हे पडद्याकडे बघत बसले. मग कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि माझ्यापुढे हात पसरला. तळवा वर. काहीतरी द्यायचं राहिल्यासारखा.

"अहो, सुरू झालाय. ती बघा निळी. तुम्ही निळी."

हात तसाच. मग खाली घेतला. उठले. "नळ बंद केलास का गं?"

२० जून

आजही तेच. खटका, खारी, पसरलेला हात, नळ.

मग मी कशासाठी भांडत होते? थांबावं लागत नाही, चटकन सुरू होतं — याच एका मुद्द्यावर तर सगळी लढाई! आणि आता चटकन सुरू होऊनही हे निघून जातात. म्हणजे चिरंजीव बरोबर आणि मी हट्टी म्हातारी?

हट्टी तर आहेच. रविवारी दारात आडवी पडेन, पण डबा देणार नाही. का देणार नाही ते तेवढं आज सांगता येत नाही.

२२ जून, रविवार

चिरंजीव आले. येताना खोके आणि दोरी घेऊन. मी चहा विचारला नाही.

"आई, दोन दिवस नीट चालू होता ना? खेळले बाबा?"

खोटं बोलायचं होतं. जमलं नाही. म्हटलं, "नाही खेळले."

तो गुडघ्यावर बसला, तारा गुंडाळायला लागला. मग मशीनमधून कॅसेट ओढून काढली.

आणि खुर्चीतून आवाज आला, "दे इकडे."

हात पसरलेला. चिरंजीवांनी माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. त्यानं कॅसेट हातावर ठेवली. यांनी ती तोंडाशी धरली. फू! उलटी केली. फू! अंगठ्यानं कड पुसली, अगदी रंधा मारलेल्या फळीची पुसायचे तशी. वाकून स्वतःच्या हातानं मशीनमध्ये दाबून बसवली आणि माझ्यावर डाफरले — "बसलीयस काय नुसती? तू लाल!"

चिरंजीवांनी गुंडाळलेल्या तारा धडपडत सोडल्या, पुन्हा जोडल्या. आम्ही खेळलो. घुबडानं मला दोनदा उचललं, कारण डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. "डावीकडे! अगं डावीकडे!" काय ओरडले, काय ओरडले! पोरगा फरशीवर बसून बघत होता. लहानपणी बसायचा तसाच, टीव्हीच्या फार जवळ.

चटकन सुरू होण्याचा प्रश्नच नव्हता तर. फुंकल्याशिवाय यांचं काम सुरू होत नाही, एवढंच होतं. आणि साफ करून आणून, लपवून, मीच ते यांच्या हातातून काढून घेतलं होतं.

नंतर चिरंजीवांना कल्पना सुचली. नव्या मशीनमधली डिस्क काढून यांच्या हातात दिली. "बाबा, हिच्यावर फुंका बघू." यांनी ती उलटसुलट केली, तिच्यात स्वतःचा चेहरा बघितला, केस सारखे केले आणि परत दिली. "कुणाचा आरसा आहे? जपून ठेवा."

हसून हसून पुरेवाट झाली. मग चहा केला, त्यालाही दिला. जाताना म्हटलं, "तुझं गोदाम तेवढं घेऊन जा." खोके घेऊन आला होता, त्यातच भरून नेलं.

दाराशी हळूच म्हणाला, "पण आई, फुंकायला मनाई आहे ना?" मी ऐकू न आल्यासारखं केलं.

२३ जून

फोन आलाच. "आई, मी विचार करत होतो. बाबांना फुंकू देऊ नकोस. दोन-चार वर्षांत कॅसेट कायमची जाईल." तेव्हा सांगितलं त्याला, बुधवारी डॉक्टर काय म्हणाले ते. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत यांचे हातही विसरतील. फुंकणंसुद्धा.

 

दोन-चार वर्षं पिनांकडे आहेत. गंजू देत खुशाल! आज दुपारी कॅसेट मी स्वतः यांच्या हातात दिली. म्हटलं, फुंका.